धुराचा खडू आणि चुन्याचा हिशेब

धुराचा खडू होतो, ही थाप नाही. औष्णिक वीज केंद्राच्या चिमणीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड पाण्यात सोडायचा, त्यात जिवाणूंपासून मिळवलेलं एक एन्झाइम घालायचं, थोडं कॅल्शियम द्यायचं, की भांड्याच्या तळाशी पांढरी भुकटी बसू लागते. ती भुकटी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. चुनखडीही तेच आणि शंखशिंपलेही तेच. एन्झाइमचं नाव कार्बॉनिक अनहायड्रेज. गेली काही वर्षं विज्ञानविषयक पुरवण्यांत आणि अनुदानाच्या अर्जांत ते ‘धूर गिळणारे जिवाणू’ अशा थाटात मिरवतं आहे. या एन्झाइमवर सरकारी पैसा खर्च व्हावा याबद्दल माझं दुमत नाही. पण आज तो ज्या क्रमानं मागितला जातो, तो क्रम मला उलटा वाटतो. चिमणी पहिल्या पंगतीला आणि जंतूंमधलं हेच एन्झाइम अडवणारं औषध खरकटं काढायला, असं चाललं आहे.

आधी हे एन्झाइम करतं काय ते पाहू. कार्बन डायऑक्साइड आणि पाणी एकत्र आले की बायकार्बोनेट आणि आम्ल तयार होतं. ही क्रिया आपोआपही होते, पण रमतगमत, काही सेकंद खात. रक्त मात्र फुप्फुसांतल्या केशवाहिन्यांतून जेमतेम सेकंदभरात पुढे सरकतं. मग तेवढ्यात बायकार्बोनेटचा पुन्हा वायू होऊन श्वासावाटे बाहेर कसा पडतो, या कोड्यातून १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला केंब्रिजमध्ये मेल्ड्रम आणि रफ्टन यांना लाल पेशींत हे एन्झाइम सापडलं. १९४० मध्ये कीलिन आणि मान यांनी त्याच्या पोटात जस्त असल्याचं दाखवलं. सगळी करामत त्या जस्ताच्या अणूची. तो पाण्याचा रेणू धरतो, त्याच्यातला प्रोटॉन सोडवतो आणि उरलेला हायड्रॉक्साइड शेजारी आलेल्या कार्बन डायऑक्साइडला चिकटतो. माणसाच्या लाल पेशींतलं एन्झाइम सेकंदाला दहा लाखांच्या घरात रेणू हातावेगळे करतं.

जिवाणूंकडे हे एन्झाइम असतं हे कळायला बराच वेळ गेला. १९६३ मध्ये नायसेरिया कुळातल्या एका जिवाणूतून ते वेगळं केलं गेलं, एश्चेरिशिया कोलायमधलं १९९२ मध्ये हाती लागलं, आणि १९९९ पर्यंत स्पष्ट झालं की हे प्रकरण प्राचीन आहे आणि जिवाणूंच्या जगात सर्वदूर पसरलेलं आहे. जिवाणूला त्याची गरज साध्या घरगुती कारणांसाठी असते. चरबीची आम्लं बांधायची, डीएनएचे काही घटक तयार करायचे, तर पेशीला बायकार्बोनेट लागतं, आणि ते आपोआप बनण्याची वाट पाहत बसलं तर वाढ खुंटते. कोलायच्या जिवाणूतून या एन्झाइमचा मुख्य जनुक काढून टाकला की तो साध्या हवेत वाढत नाही, पण कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण वाढवलेल्या हवेत ठेवला की पुन्हा वाढू लागतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे औषधाच्या वेळी लागेल.

हे काम डोळ्यांनी पाहायचं असेल तर विल्बर आणि अँडरसन यांच्या १९४८ च्या चाचणीसारखी दुसरी नाही. कार्बन डायऑक्साइडनं भरलेलं पाणी बर्फात गार करून ठेवायचं. दुसऱ्या नळीत बफर, म्हणजे आम्लता सांभाळणारं द्रावण, आणि ब्रोमोथायमॉल ब्लू हा निळा दर्शक. दोन्ही मिसळून हातात स्टॉपवॉच. एन्झाइम नसेल तर निळा रंग हिरवट होत होत पिवळ्यावर यायला वेळ लागतो, विद्यार्थी मधे घड्याळाकडून नजर हटवून गप्पा मारू लागतात. पुढच्या नळीत जिवाणूच्या अर्काचा थेंब पडला की नजर हटवायला उसंत मिळत नाही. निळं पाणी बघता बघता पिवळं. सगळं बर्फात का ठेवायचं, तर खोलीच्या तापमानाला हे इतक्या झटकन होतं की बोट स्टॉपवॉचवर पोचेपर्यंत कारभार आटोपलेला असतो.

ही चाचणी मोजते तो फक्त वेग. एन्झाइम वेग वाढवतं, दिशा ठरवत नाही. किती वायू विरघळणार, किती बायकार्बोनेटच्या रूपात टिकणार, किती परत हवेत जाणार, हे तापमान, दाब आणि पाण्याचा अल्कलीपणा ठरवतात. एन्झाइम दोन्ही दिशांनी तितक्याच उत्साहानं काम करतं. फुप्फुसात ते वायू बाहेर सोडतं, स्नायूंत तेच त्याला रक्तात बांधतं. रिक्षावाल्यानं कितीही दामटली तरी स्टेशन जिथं आहे तिथंच राहतं. धूर गिळण्याच्या बातम्यांत नेमकी हीच बाब गाळलेली असते.

आता खडूकडे वळू. नागपूरच्या नीरी या राष्ट्रीय प्रयोगशाळेत या विषयावर चांगलं काम झालं आहे. बॅसिलस प्युमिलससारख्या जिवाणूंपासून एन्झाइम मिळवायचं, ते कायटोसानवर, म्हणजे कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून काढतात त्या पदार्थावर बसवायचं, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरता येतं, आणि त्याच्या मदतीनं कॅल्शियम कार्बोनेट किती झपाट्यानं तयार होतं ते मोजायचं. काम नेटकं आहे. संशोधकांनी आपल्या निबंधांत जेवढं सिद्ध झालं तेवढंच मांडलं आहे. पण निबंधातला शब्द प्रसिद्धिपत्रकात येईपर्यंत फुगतो. नागपूरपासून काही तासांवर चंद्रपूर आहे, तिथे २९२० मेगावॉटचं महाऔष्णिक केंद्र आहे, शेजारी गडचांदूरला सिमेंटचे कारखाने आहेत. मग एखाद्याला वाटलं की इथली चिमणी आणि तिथलं एन्झाइम यांची सोयरीक जमवली की काम फत्ते, तर त्याला दोष देता येत नाही.

म्हणून थोडं गणित करू, दहावीच्या रसायनशास्त्रापलीकडे ते जात नाही. ४४ टन कार्बन डायऑक्साइडचं कॅल्शियम कार्बोनेट करायचं तर ५६ टन चुना, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड लागतो, आणि हाती येतो १०० टन खडू. ५०० मेगावॉटचा एक संच पूर्ण क्षमतेनं चालला तर दिवसाला साधारण ११ हजार टन कार्बन डायऑक्साइड सोडतो. त्याला रोज लागेल १४ हजार टन चुना आणि रोज तयार होईल २५ हजार टन खडू. सहा-सात मालगाड्या भरतील एवढा, आणि हे एका संचाचं, एका दिवसाचं. हा खडू घेणार कोण, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. त्याहून अवघड प्रश्न हा की चुना आणायचा कुठून? चुना येतो चुनखडी भाजून. २५ हजार टन चुनखडी भट्टीत घातली की १४ हजार टन चुना मिळतो आणि उरलेले ११ हजार टन? ते कार्बन डायऑक्साइड होऊन भट्टीच्या चिमणीतून बाहेर पडतात. चंद्रपूरच्या चिमणीतून पकडलेला वायू गडचांदूरच्या चिमणीतून बाहेर, आणि भट्टीच्या कोळशाचा धूर वरकड. प्रयोगशाळेत हा व्यवहार दिसत नाही, कारण तिथं कॅल्शियम क्लोराइड बाटलीतून येतं, आम्ल शोषायला ट्रिस बफर पाकिटातून येतो, आणि त्या दोहोंच्या जन्माची चौकशी कोणी करत नाही.

यावर दिलं जाणारं उत्तर मला ठाऊक आहे: चुनखडीच कशाला, पोलाद कारखान्यांची मळी (स्लॅग) आहे, राख आहे, खारं पाणी आहे. यातली पोलादाची मळी खरोखर कामाची आहे, तिच्यात चुना भरपूर असतो आणि तो आधीच भाजलेला असतो, नव्यानं धूर काढावा लागत नाही. तिथं एन्झाइमनं वेग वाढत असेल तर जरूर वापरावं. पण मळी जेवढी, तेवढंच हे काम, आणि वीज केंद्रांच्या धुरापुढे मळी चिमूटभर. आपल्या कोळशाच्या राखेत चुना एकंदरीत कमीच. सह्याद्रीच्या बेसाल्टमध्ये मात्र कॅल्शियम सिलिकेटच्या रूपात आहे आणि तो साठा अफाट आहे. आइसलँडमध्ये कार्बफिक्स प्रकल्पानं कार्बन डायऑक्साइड विरघळलेलं पाणी बेसाल्टमध्ये सोडलं आणि त्यातल्या ९५ टक्क्यांहून अधिक वायूचा दोन वर्षांच्या आत दगड झाल्याचं २०१६ मध्ये दाखवलं. डेक्कन ट्रॅपवर, म्हणजे आपल्या या बेसाल्टवर राहणाऱ्यांनी या प्रयोगाकडे डोळे लावून बसायला हरकत नाही. पण तिथं त्यांना एन्झाइम लागलंच नाही!

मग धुराच्या कामात कार्बॉनिक अनहायड्रेजला जागाच नाही का? आहे, आणि ती खडूच्या बाहेर आहे. चिमणीतून वायू वेगळा काढायची रूढ पद्धत अशी: मोनोइथॅनॉलअमाइनच्या द्रावणात तो शोषायचा आणि मग ते द्रावण १२० अंशांच्या आसपास तापवून वायू सोडवून घ्यायचा. या तापवण्यात वीज केंद्राची बरीच वाफ खर्ची पडते. पोटॅशियम कार्बोनेटचं द्रावण वापरलं तर वायू सोडवायला कमी उष्णता लागते, द्रावण विषारी नाही, टिकाऊ आहे. त्याचा दोष एकच, ते वायू फार हळू शोषतं. इथं वेग हाच अडसर आहे आणि वेगच एन्झाइमकडे आहे. असं जोडकाम जमलं की मजा येते. नैसर्गिक एन्झाइम अशा तिखट अल्कली द्रावणात तग धरत नाही, म्हणून कोडेक्सिस या अमेरिकी कंपनीनं डिसल्फोव्हिब्रिओ व्हल्गॅरिस या जिवाणूच्या एन्झाइममध्ये पिढ्यान् पिढ्या बदल घडवत अमाइनच्या अल्कली द्रावणात १०७ अंशांना टिकणारा अवतार तयार केला आणि अलाबामातल्या विल्सनव्हिल इथं खऱ्या धुरावर त्याची चाचणी घेतली. निबंध २०१४ चा आहे. गरम झऱ्यांतल्या जिवाणूंकडे तर असं एन्झाइम उपजतच सापडतं. अझोर्स बेटांवरच्या सल्फ्युरिहायड्रोजेनिबियम अझोरेन्सचं एन्झाइम सेकंदाला ४४ लाख रेणूंपर्यंत जातं. माणसाच्या लाल पेशीलाही मागे टाकणारा हा वेग आहे.

आणि तरीही व्यवहारात गाडी कुठवर आली? कॅनडातल्या क्विबेकमध्ये सीओटू सोल्युशन्स या कंपनीनं दोन दशकं याच एन्झाइमवर घालवली. सें-फेलिसियाँ इथल्या कागदाच्या लगद्याच्या कारखान्यात तिनं उभारलेल्या यंत्रणेची क्षमता होती दिवसाला ३० टन. पकडलेला वायू शेजारच्या काचघरांत काकड्या वाढवायला जायचा. (काकडी खाल्ली की तो परत हवेतच, पण ते असो.) कंपनी आर्थिक अडचणीत सापडली आणि २०२० मध्ये इटलीच्या सायपेमनं तिचं तंत्रज्ञान विकत घेतलं. ३० टन आणि ११ हजार टन, या दोन आकड्यांमधलं अंतर एन्झाइमच्या वेगानं कापलं जात नाही. ते पोलादाच्या टाक्या, पंप, वाफ, जागा आणि पकडलेला वायू पुरायचा कुठे याच्या उत्तरानं कापलं जातं.

प्रत्येक तंत्र सुरुवातीला लहानच असतं, असं यावर कोणी म्हणेल. रास्त आहे. सौर पॅनेलही एके काळी उपग्रहांपुरतीच होती. म्हणूनच मी हे संशोधन बंद करा असं म्हणत नाही. नीती आयोगाचा २०२२ चा कार्बन पकडण्यासंबंधीचा अहवाल, त्याच सुमारास आयआयटी मुंबईत आलेलं विज्ञान-तंत्रज्ञान विभागाचं राष्ट्रीय केंद्र, यांतून पैसा येणारच आहे, तो यावा. फक्त प्रत्येक अर्जाच्या पहिल्या पानावर दोन ओळी सक्तीच्या कराव्यात: कॅल्शियम किंवा अल्कली येणार कुठून, आणि ती बनवताना किती धूर निघणार. एवढ्यानं निम्मी गर्दी आपोआप पांगेल. उरलेल्यांना खुशाल पैसे द्या. सिमेंट आणि पोलादाच्या चिमण्यांसाठी द्या, कारण त्यांना दुसरा सोपा पर्याय नाही. कोळशाच्या विजेला पर्याय आहे, रोज सकाळी उगवतो. जुन्या संचांचं आयुष्य वाढवण्यासाठी जिवाणूंच्या नावानं मुदतवाढ मागितली गेली, तर ती देऊ नये.

यात लोणारचं नाव घ्यायचा मोह आवरत नाही. पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात टिकेल असं एन्झाइम हवं, तर अल्कली पाण्यात जन्मभर राहिलेल्या जिवाणूंकडे पाहणं शहाणपणाचं, आणि लोणार सरोवराच्या पाण्याचा सामू दहाच्या आसपास असतो. २०२० च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं त्यामागे क्षारप्रेमी सूक्ष्मजीव असल्याचं दाखवलं होतं. हा साठा सांभाळायला हवा, आणि त्यावरचा हक्कही. अमेरिकेत यलोस्टोनच्या गरम झऱ्यातल्या थर्मस अॅक्वाटिकसपासून मिळालेल्या टॅक पॉलिमरेजवर पीसीआरचं अब्जावधींचं दुकान उभं राहिलं आणि उद्यानाच्या पदरी त्यातलं काही पडलं नाही. आता तर पाण्याची बाटलीही न्यावी लागत नाही, जनुकाचा क्रम संगणकावरून उतरवून घेतला की झालं. आपला जैवविविधता कायदा २००२ चा आहे, तो या नव्या चोरवाटेला कितपत पुरेल याची मला शंका आहे.

आता औषध. मराठी ट्रेकर मंडळींना डायमॉक्स हे नाव तोंडपाठ असतं. हिमालयात चढाई सुरू करण्याआधी डोंगर लागू नये म्हणून घेतात ती गोळी. तिच्यातलं अॅसिटाझोलामाइड हे कार्बॉनिक अनहायड्रेजला वेसण घालणारं औषध आहे. गोळी घेतल्यावर बोटांना मुंग्या येतात, आणि सोडा प्यायला तर तो बेचव लागतो, कारण सोड्याची झणझणीत चव कळायलाही जिभेवरचं हेच एन्झाइम लागतं. या औषधाचं घराणं जुनं. १९४० मध्ये मान आणि कीलिन यांच्या लक्षात आलं की त्या काळचं सल्फानिलामाइड हे जंतुनाशक या एन्झाइमला अडवतं. त्यातून पुढे काचबिंदूवरची औषधं निघाली, आणि त्याच वाटेवर बीपीसाठी आजही घरोघरी असणाऱ्या थायझाइड गोळ्या.

म्हणजे माणसाचं एन्झाइम अडवायची औषधं सत्तर वर्षांपूर्वीच हाती आली. जिवाणूचं एन्झाइम अडवलं तर काय होतं, हा प्रश्न मात्र उशिरा विचारला गेला, आणि त्याचं उत्तर वर सांगितलेल्या कोलायच्या प्रयोगात दडलेलं आहे. जठरातला हेलिकोबॅक्टर पायलोरी घ्या. तिखटजाळ आम्लात तो राहतो कसा? युरिएज या एन्झाइमनं तो युरियाचे तुकडे करून अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड बनवतो, आणि पेशीच्या दोन आवरणांमधल्या फटीत बसलेलं कार्बॉनिक अनहायड्रेज त्या वायूचं बायकार्बोनेट करून आम्लाला थोपवतं. अल्सरचं कारण हा जंतू आहे हे मार्शल आणि वॉरन यांनी १९८० च्या दशकात दाखवलं आणि २००५ चं नोबेल मिळवलं. पण तो जंतू माहीत होण्याआधीच रोमेनियातले डॉक्टर अल्सरच्या रुग्णांना अॅसिटाझोलामाइड देत होते. आम्ल कमी होतं एवढाच त्यांचा हिशेब होता. ते जंतूवरही घाव घालत असावेत, हे नंतर उमगलं.

रचनेनुसार या एन्झाइमची अल्फा, बीटा अशी कुळं आहेत. क्षयाच्या जंतूकडे त्याचे तीन प्रकार आहेत, तिन्ही बीटा कुळातले, आणि माणसाच्या शरीरात बीटा कुळाचं एकही नाही. औषध शोधणाऱ्याला याहून सोयीची गोष्ट कोणती? जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की एथॉक्झोलामाइड हे याच घराण्यातलं जुनं औषध क्षयजंतूची संदेशयंत्रणा बिघडवतं आणि उंदरांत त्याची वाढ मंद करतं. पर्ड्यू विद्यापीठात सुरू झालेल्या संशोधनात व्हॅन्कोमायसिन या प्रतिजैविकाला दाद न देणाऱ्या एन्टेरोकॉकस जंतूवर आणि गोनोऱ्हियाच्या जंतूवर अॅसिटाझोलामाइड आणि त्याची भावंडं उंदरांमध्ये उपयोगी पडल्याचं दिसलं. पटकीच्या जंतूला विष तयार करायचा इशाराच आतड्यातल्या बायकार्बोनेटमुळे मिळतो, तिथंही एथॉक्झोलामाइड आडवं येतं.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मान्य. गोनोऱ्हियाच्या जंतूचं एन्झाइम अल्फा कुळातलं, म्हणजे आपल्याच एन्झाइमचं चुलत भावंड. त्याला मारताना आपल्यालाही चिमटा बसणार. रक्तात आम्लता वाढते, मुतखडे होऊ शकतात, सल्फाची अॅलर्जी असणाऱ्यांना जपावं लागतं. पण हे धोके सत्तर वर्षांत लाखो रुग्णांवर तपासून झालेले आहेत. नव्या रेणूची सुरक्षितता शून्यातून सिद्ध करायला जो काळ आणि पैसा लागतो, त्याचा मोठा भाग इथं वाचतो.

आणि तरी माणसांवरच्या मोठ्या चाचण्या अडून राहतात. कारण उघड आहे. अॅसिटाझोलामाइडचं पेटंट कधीच संपलं, गोळी स्वस्त आहे, ती क्षयावर किंवा अल्सरवर चालली तरी कोणत्या कंपनीचं भलं होणार? कार्बन पकडण्याच्या मागे वीज, सिमेंट, पोलाद आणि यंत्रसामग्रीवाले उभे आहेत, त्यांचे प्रतिनिधी दिल्लीत सगळ्या बैठकांना हजर असतात. पेटंट संपलेल्या गोळीची बाजू मांडायला बैठकीला कोणीच येत नाही. ज्या कामात खाजगी नफा नाही पण सार्वजनिक फायदा आहे, त्यासाठीच सार्वजनिक तिजोरी असते, आणि या एन्झाइमच्या बाबतीत असं काम रुग्णालयात आहे.

शिवाय इथं प्रमाणाचं कोडंच पडत नाही. चिमणीवर एन्झाइम चालवायचं तर टनांत बनवावं लागतं, औषध मिलिग्रॅममध्ये काम करतं. चिमणीवर ते दर क्षणी जिवंत राहायला हवं, औषधाला ते फक्त बंद पाडायचं आहे, आणि मोडणं हे टिकवण्यापेक्षा केव्हाही स्वस्त. मुंबई-पुण्याच्या सरकारी रुग्णालयांत मेट्रोनिडाझोलला न जुमानणारा पायलोरी पदोपदी भेटतो. नेहमीच्या तीन-चार औषधांच्या जोडीला ठरावीक दिवस अॅसिटाझोलामाइड, समोर तुलनेसाठी दुसरा गट, आणि शेवटी जंतू गेला का हे पाहायला श्वासाची तपासणी. आयसीएमआरनं मनात आणलं तर अशी चाचणी आखायला परदेशी भागीदार लागत नाही, नवा कारखाना लागत नाही, आणि औषध जवळच्या दुकानात आधीपासून ठेवलेलं आहे. क्षयाचं काम याहून लांबचं आणि किचकट, तिथं बीटा कुळालाच नेमकं टिपणारे नवे रेणू घडवावे लागतील. त्यासाठी चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेसारखी जागा आणि दहा-बारा वर्षं न डगमगणारं अनुदान हवं. चंद्रपूरच्या एका चिमणीवर उभारायच्या प्रात्यक्षिक यंत्रणेच्या खर्चात हे दोन्ही बसेल, असा माझा अंदाज आहे. तो चुकीचा असेल तर अर्थसंकल्प आखणाऱ्यांनी दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापून दाखवावेत.